झांकण्याची कला

चित्रपटांत काय दाखविलें याचें कौतुक होतें. काय झांकलें याची दखल सहसा कोणी घेत नाहीं. वस्तुतः ज्यास 'मास्किंग' म्हणतात, त्या तंत्राचें सारें सामर्थ्य झांकण्यांतच आहे. चौकटीचा एक भाग झांकून उरलेल्या भागावर चित्र उमटवावें, आणि झांकलेली जागा मागाहून दुसऱ्या चित्रास द्यावी, एवढेंच त्याचें सूत्र.

या तंत्राची कसोटी ठरवावयास १९२१ सालचा बस्टर कीटनचा 'द प्लेहाउस' हा अमेरिकन मूकपट आम्हांस फार उपयोगी वाटतो. त्याच्या आरंभींच्या स्वप्नदृश्यांत नट, वादक, प्रेक्षक, इतकेंच नव्हे तर प्रेक्षकांतील स्त्रियाही, कीटन एकटाच आहे. एके ठिकाणीं तर रंगमंचावर नऊ कीटन ओळीनें बसलेले दिसतात. भिंगापुढें झडपा बसवून एका वेळीं एकच पट्टी उघडावयाची, मग फिल्म मागें गुंडाळून पुढची पट्टी उघडावयाची. असें नऊ वेळां. कॅमेरा हातानें फिरवावा लागे. छायालेखक एल्जिन लेस्ली याचा हात एखाद्या खेपेस जलद वा मंद पडता, तर नऊ जणांचा ताल जुळलाच नसता; आणि नववी खेप चुकती, तर आधींच्या आठही फुकट गेल्या असत्या.

परंतु केवळ या कसबामुळें आम्ही त्या कृतीस श्रेष्ठ म्हणत नाहीं. कार्यक्रमपत्रिकेंत प्रत्येक कामापुढें कीटनचेंच नांव छापलेलें दिसतें, तेव्हां सर्व श्रेय स्वतःकडे घेणाऱ्या निर्मात्यांची ती थट्टा आहे हें ध्यानांत येतें. नऊ चेहरे एकाच माणसाचे असणें हाच येथें विनोद आहे; म्हणून युक्ति सार्थ होते.

आज संकलकास संगणकावर मास्कची कड आंखतां येते, मऊ करतां येते, हलत्या आकृतीबरोबर चालवितां येते. चुकल्यास मागेंही फिरतां येतें. या सोयीबद्दल आमची तक्रार नाहीं. मात्र चूक स्वस्त झाली कीं विचारही स्वस्त होण्याचा संभव असतो. दृश्यांतली नको असलेली विजेची तार पुसणें ही कारागिरी झाली; तिच्यावरून कलेचा निवाडा करूं नये.

शिवाय प्रश्न केवळ रुचीचा नाहीं. कीटन आपली लबाडी उघडपणें मिरवितो. प्रेक्षक फसत नाहीं, खेळांत सामील होतो. वृत्तचित्रांतून एखादा माणूस याच तंत्रानें निमूटपणें वगळला, तर प्रेक्षकाच्या विश्वासाचाच घात होतो.

म्हणून मास्कची कड दिसते कीं नाहीं, हें मागाहून विचारावें. आधीं विचारावें, त्यानें काय झांकलें आणि कशासाठीं.