रोगाचें नांव आणि पित्याची लेखणी

‘इनसाइड युरोप’, ‘इनसाइड एशिया’ अशा ग्रंथांतून देशोदेशींच्या राजकारणाचा ठाव घेणारे अमेरिकन पत्रकार जॉन गुंथर यांचें ‘डेथ बी नॉट प्राउड’ हें १९४९ सालीं निघालेलें पुस्तक एका घराच्या उंबरठ्याबाहेर फारसें जात नाहीं. त्यांचा मुलगा जॉनी हा मेंदूंतील गांठीनें ३० जून १९४७ रोजीं, अवघा सतरा वर्षांचा असतां वारला. त्या पंधरा महिन्यांची ही हकीकत. शोकवाङ्मय म्हणून हें पुस्तक पुष्कळ वाखाणलें गेलें आहे. आमच्या मतें तें आणखी एका कारणासाठीं वाचावयास हवें. रोगाला नांव मिळणें म्हणजे काय, आणि त्या नांवावर किती विसंबावें, हा प्रश्न त्यांत प्रथमपासून शेवटपर्यंत आहे.

१९४६ च्या एप्रिलांत, मॅसॅच्युसेट्समधील डिअरफील्डच्या शाळेंत असतां जॉनीची मान आखडली. डोळे तपासतां आंतील मज्जातंतूचें टोंक सुजलेलें दिसलें, आणि कवटीच्या आंत कांहीं वाढत असल्याची शंका आली. सीटी यंत्रानें रुग्णाच्या मेंदूचें पहिलें चित्र निघालें तें १९७१ सालीं. त्या वेळीं क्ष-किरणांवरून अंदाज बांधावा आणि कवटी उघडून खात्री करावी, इतकीच सोय होती. डॉ. ट्रेसी पुटनम यांनीं संत्र्याएवढ्या गांठीचा निम्मा भाग काढला; निम्मा आंतच राहिला. काढलेल्या तुकड्याला सूक्ष्मदर्शकाखालीं नांव मिळालें, ॲस्ट्रोब्लास्टोमा. आणि ती गांठ अत्यंत मारक अशा ग्लिओब्लास्टोमाकडे वळत असल्याचेंही ठरलें.

आजच्या वाचकानें येथें क्षणभर थांबावें. ॲस्ट्रोब्लास्टोमा हें नांव बेली आणि कुशिंग यांच्या १९२६ च्या वर्गीकरणांतलें. ही गांठ दुर्मिळ. तिच्या पेशी रक्तवाहिनीभोंवतीं चाकाच्या आऱ्यांसारख्या उभ्या राहतात, आणि एमआरआयच्या चित्रांत ती पुष्कळदां बुडबुड्यांनीं भरल्यासारखी दिसते. खूण इतकी ठसठशीत असतां चूक कशी व्हावी, असें वाटेल. परंतु तशी आऱ्यांची रचना दुसऱ्या जातींच्या गांठींतही आढळते. जनुकांची तपासणी होऊं लागल्यावर या नांवाखालीं ठेवलेल्या कित्येक गांठी निराळ्याच कुळांतल्या निघाल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणांत हें नांव एमएन-१ या जनुकांतील बदलाशीं जोडलेलें आहे, आणि तशा गांठी बहुतांशीं मुलींत व तरुण स्त्रियांत आढळतात. मग जॉनीची गांठ खरोखर कोणती होती? पुस्तकावरून निदान करण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. पण ज्या शब्दावर एका बापाची आशा टांगलेली होती, तो शब्दच पुढें डळमळीत ठरावा, या गोष्टीनें पुस्तकाला लेखकाच्या स्वप्नींही नसलेलें गांभीर्य आलें आहे.

गुंथर यांचा मोठा गुण हा कीं ते रडत बसत नाहींत. तारखा, तपासण्या, डॉक्टरांचीं मतें, सारें बातमीदाराच्या शिस्तीनें ते मांडतात. मेंदूंत गांठ होती असें पुटनम यांनीं मुलाला सांगितलें, तेव्हां त्यानें विचारलें तें एवढेंच, कीं आईबापांना हें ठाऊक आहे काय, आणि त्यांना तें कसें सांगावें. इतकें नोंदवून लेखक पुढें जातो. एखाद्या हळव्या लेखकानें येथें पानभर अश्रू ढाळले असते.

तथापि हीच वृत्ति एके ठिकाणीं घात करते. बातमीदार सर्वांचें म्हणणें सारख्याच मापानें उतरून घेतो. क्ष-किरण, मस्टर्ड वायूच्या जातीचें रसायन, आणि मग डॉ. मॅक्स गेर्सन यांचें मीठवर्ज्य पथ्य, सारें एकाच सुरांत येतें. पथ्यानंतर कांहीं काळ जॉनी सुधारल्यासारखा दिसला. परंतु त्यांत आधींच्या उपचारांचा वाटा किती आणि रोगाच्या स्वाभाविक चढउतारांचा किती, हें लेखक पुरतें तोलून पाहत नाहीं. त्या पथ्यानें कर्करोग बरा होतो असें आजवर सिद्ध झालेलें नाहीं. आमच्याकडेही घरांत असा अहवाल आला कीं दुसऱ्या दिवसापासून काढे, रस आणि उपास सांगणारे हितचिंतक दारीं येऊं लागतात. अशा घरांत हीं पानें दिलासा देतील. पण तो दिलासा उसना असेल. बापानें तो प्रयोग केला याचा दोष आम्ही देत नाहीं. कोणता बाप करणार नाहीं? लेखकानें मात्र मागाहून लिहितांना अधिक कठोर व्हावयास हवें होतें.

पुस्तकाच्या अखेरीस मुलाचीं पत्रें, रोजनिशीचे उतारे आणि आई फ्रान्सिस यांचे थोडेसे शब्द आहेत. पण आमच्या मनांत राहिला तो १९४७ च्या जूनच्या आरंभींचा प्रसंग. डोक्याला पट्टी बांधलेला जॉनी शाळेच्या समारंभांत इतर मुलांबरोबर स्वतःच्या पायांनीं चालत जाऊन प्रमाणपत्र घेतो. महिनाअखेरीस तो या जगांत नाहीं. निदान अचूक असतें तरी तो वांचला असता असें नव्हे. ज्यांना इंग्रजी वाचतां येतें त्यांनीं हें पुस्तक अवश्य वाचावें. उपचारांचीं पानें मात्र वैद्यकीय सल्ला समजून वाचूं नयेत.