गरिबाच्या खर्चाची झडती

माउली, सातारा-सांगलीकडील सप्ताहांत हल्ली काही कीर्तनकार ऊसतोड मजुराच्या मोबाईलची, लेकीच्या लग्नखर्चाची टर उडवतात आणि वर गाडगेबाबांचा दाखला देतात. कर्ज काढून सण-लग्ने करू नका, असे बाबा सांगत, हे खरेच. पण कीर्तनाआधी ते गाव झाडत. पंढरीत त्यांनी गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभारली. म्हणून त्यांचे बोल लागत नसत, पटत.

मुकादमाची उचल फेडायला फडावर कोपीत राहणाऱ्याला गावाकडच्या लेकरांचा आवाज मोबाईलवरच ऐकू येतो. ती चैन म्हणावी काय? तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली; कुळांच्या खर्चाची झडती घेतली नाही. बिदागी घेऊन उठणाऱ्याने एवढे तरी ध्यानी ठेवावे.

रामकृष्णहरी.