पोटदुखी : वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ

मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त लक्षणेची पहिली अट मुख्यार्थाचा बाध ही सांगितली आहे. शब्दाचा सरळ अर्थ लागेनासा झाला, म्हणजेच दुसऱ्या अर्थाकडे वळावयाचे. ही अट व्यवहारात किती सहज मोडली जाते, हे मला चंडीगढच्या सेक्टर 39 मध्ये कळले. तेथील एका मराठी गृहिणीची तक्रार डॉक्टरांपुढे हिंदीत मांडण्याचे काम माझ्याकडे आले होते. दोन वर्षे तिचे पोट दुखत होते आणि रात्रभर झोपूनही अंग गळालेलेच असे.

आपल्या भाषेत दुसऱ्याचा उत्कर्ष पाहून पोटात दुखते, भीतीने गोळा येतो, कणवेने तुटते. अपराधही पोटातच घालावयाचे. शाळा चुकविणाऱ्या मुलाला हाच अवयव आठवतो. अशा अवयवाविषयी एखादी स्त्री अभिधेने बोलू लागली, की मुख्यार्थाला कसलाही बाध नसताना श्रोते लक्षणा योजतात. घरच्यांना तिच्या बोलण्यात रुसवा दिसला. एका डॉक्टरांना मनाचा ताण दिसला.

व्हर्जिनिया वुल्फ यांनी 1926 साली आजारपणावर लिहिताना इंग्रजी भाषेच्या दारिद्र्याची तक्रार केली. मराठीच्या बाबतीत मला ती मान्य नाही. कळ, मुरडा, ठणका, शूळ यांत भेद आहेत. ‘माधवनिदाना’त तर अन्न पचतेवेळी उठणारा परिणामशूल निराळा गणला आहे. आपली अडचण दारिद्र्याची नसून रूढ लक्ष्यार्थांच्या सुबत्तेची आहे. सुसान सोन्टॅग यांनी 1978 साली क्षय व कर्करोग यांभोवतीच्या रूपकांची चिकित्सा केली. तेथे निदान तरी झालेले असते. (‘निदान’ हे अव्यय मराठीत किमान अपेक्षा दाखविते, हेही लक्षात घ्यावे.) येथे निदानापूर्वीच रूपक हजर होते.

भाषांतरकाराचा दोषही सांगितला पाहिजे. ती म्हणाली होती, “पोळी खाल्ली की तासाभराने कळ येते.” मी सांगितले, “पेट में दर्द रहता है.” त्यात पोळी गेली, तास गेला, कळेचे येणे-जाणेही गेले. ज्या सेक्टरच्या मंडीत वैशाखाच्या सुमारास गव्हाच्या राशी पडतात, तेथे वगळावयास नको होता तो नेमका तोच शब्द. गव्हातील ग्लुटेनमुळे काहींची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते, रक्तक्षय होतो, थकवा येतो. गहू आणि हा विकार यांचा संबंध डिके या डच बालरोगतज्ज्ञाने 1950 च्या प्रबंधात मांडला.

पुढच्या खेपेस मी तिचे वाक्य जसेच्या तसे सांगितले. तपासणी होईपर्यंत पोळी सोडू नका, असे तिला बजावण्यात आले. गहू आधीच वर्ज्य केला तर रक्तातील खुणा ओसरतात आणि चाचणी फसते. रक्तात प्रतिपिंडे वाढलेली आढळली आहेत. आतड्याच्या तुकड्याचा अहवाल यावयाचा आहे. तोवर ती रोज दुखणारी पोळी खाते. तिने मला संशयित रोगाच्या नावाचा अर्थ विचारला. ‘सीलिअक’ हा शब्द मूळ ग्रीक. त्याचा अर्थ ‘पोटाचा’, एवढाच.