'ठाऊक नाही' आणि 'मानत नाही'

नास्तिक आणि अज्ञेयवादी हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात. नास्तिक आपल्या विश्वासाविषयी बोलतो: मी देव मानत नाही. अज्ञेयवादी ज्ञानाविषयी बोलतो: देव आहे की नाही, हे ठरवता येत नाही. या दुसऱ्या भूमिकेला टी. एच. हक्सले यांनी १८६९ मध्ये इंग्रजीत नाव दिले.

बर्ट्रांड रसेल यांचे १९२७ चे 'मी ख्रिस्ती का नाही' हे व्याख्यान या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. प्रत्येक गोष्टीला कारण हवे, तर देवाचे कारण कोणते? वयाच्या १८ व्या वर्षी मिल यांचे आत्मचरित्र वाचताना रसेल यांना हा प्रश्न पटला. हा युक्तिवाद आम्हाला भक्कम वाटतो. धर्माचा पाया मुख्यतः भीती आहे, हे त्यांचे विधान मात्र तपासून घ्यावे लागते. समजूत भीतीतून आली, एवढ्याने ती खोटी ठरत नाही. विंचवाच्या भीतीने बूट झटकणाऱ्याच्या बुटात विंचू असूही शकतो! शिवाय अविश्वासही दरवेळी तर्कातूनच येतो असे नाही. दुःख, संताप, घरचे वळण हीही त्याची कारणे असतात.

१९४७ मध्ये रसेल यांनी अधिक नेमकी भूमिका घेतली. देव नसल्याची निर्णायक सिद्धता नाही, म्हणून तत्त्वज्ञांपुढे आपण अज्ञेयवादी. पण होमरच्या देवांबाबतही तशी सिद्धता नाही, म्हणून सामान्य माणसापुढे नास्तिक.

वर्गात हा विषय निघाला, तर आपणही दोन प्रश्न वेगळे ठेवू या: हे कळू शकते का? आणि तू हे मानतोस का? पहिल्याला 'ठाऊक नाही' म्हणणारा विद्यार्थी उत्तर टाळत नसतो.