शल्यविशारदांच्या आत्मकथनांतील घर

शल्यविशारदांच्या आत्मपर लेखनाचा विचार करताना समीक्षेचे लक्ष बहुधा मृत्युचिंतनाकडे, फार तर वैद्यकीय नीतीकडे जाते. शस्त्रक्रियागृहात घालविलेला वेळ कोणाच्या वाट्यातून आला, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात तो तीन इंग्रजी आत्मकथनांच्या आधारे विचारावयाचा आहे.

या प्रश्नाची मुळे जुनी आहेत. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड यांनी १८८९ नंतर जी प्रशिक्षणपद्धती रुजविली, तीत शिकाऊ शल्यविशारदाने रुग्णालयातच राहावे आणि शक्यतो अविवाहित असावे, अशी अपेक्षा होती. ‘निवासी डॉक्टर’ ही संज्ञा तेव्हा शब्दशः खरी होती. याच हॉल्स्टेड यांच्या शस्त्रक्रियागृहातील परिचारिका कॅरोलिन हॅम्प्टन यांच्या हातांना जंतुनाशक द्रावणाने त्वचादाह होऊ लागला, म्हणून त्यांनी रबरी हातमोजे करवून घेतले. १८९० मध्ये या दोघांचा विवाह झाला आणि हॅम्प्टन यांनी परिचर्या सोडली. हातमोजे शस्त्रक्रियागृहात राहिले. ज्यांच्या हातांसाठी ते झाले, त्या घरी गेल्या.

पॉल कलानिधी यांचे ‘व्हेन ब्रेथ बिकम्स एअर’ (२०१६) हे मज्जाशल्यविशारदाचे मरणोत्तर प्रकाशित आत्मकथन. प्रशिक्षणाच्या अखेरच्या काळात विवाह मोडकळीस आल्याची कबुली त्यात आहे आणि ती प्रामाणिक आहे. तथापि हा ताण कथनात येतो तो कर्करोगाच्या निदानाची पूर्वछाया म्हणून. आजार आला आणि घर परत मिळाले, अशी त्याची मांडणी होते. पत्नी लूसी स्वतः डॉक्टर. अपुऱ्या राहिलेल्या पुस्तकाला उपसंहार त्यांनीच लिहिला. त्यांच्या रुग्णांविषयी, त्यांच्या पाळ्यांविषयी मात्र पुस्तकात फार थोडे आहे. हेन्री मार्श यांच्या ‘डू नो हार्म’मध्ये (२०१४) पहिला विवाह मोडल्याचा आणि त्यात आपल्या कामाचा व अहंमन्यतेचा वाटा असल्याचा उल्लेख येतो, तो खेदाचा आहे आणि थोडक्यात आटोपतो. दोन्ही ठिकाणी गमावलेले घर निवेदकाला अधिक माणूसपण देऊन जाते. वाचक त्याला क्षमा करतो, किंबहुना त्याच्यावर अधिक प्रेम करू लागतो.

फ्रान्सेस कॉन्ली यांच्या ‘वॉकिंग आउट ऑन द बॉइज’ (१९९८) या पुस्तकाला ही सवलत मिळत नाही. अमेरिकेत मज्जाशल्यचिकित्सेच्या प्राध्यापकपदी पोहोचलेल्या पहिल्या मोजक्या स्त्रियांपैकी त्या एक. १९९१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील पदाचा त्यांनी जाहीर राजीनामा दिला आणि पुढे तो मागे घेतला. इतरांदेखत लाडिक संबोधनाने हाक मारणे, मतभेद दाखविला की त्याचे मूळ मासिक पाळीत शोधणे, अशा वरकरणी किरकोळ गोष्टींची नोंद त्यांनी चिकाटीने केली आहे. घर या पुस्तकाच्या केंद्रस्थानी नाही, ही बाब मला महत्त्वाची वाटते. ‘काम आणि जीवन यांचा समतोल’ ही शब्दयोजना अडचण घराच्या बाजूला आहे असे गृहीत धरते. कॉन्ली ती रुग्णालयाच्या भिंतींच्या आत दाखवितात.

वाङ्मयीन दृष्ट्या हे पुस्तक कलानिधींच्या पुस्तकाच्या पंक्तीला बसत नाही, हे मान्य केले पाहिजे. त्याचे गद्य रुक्ष आहे. कित्येक प्रकरणे साक्षीपुराव्यासारखी वाचावी लागतात. परंतु हा केवळ प्रतिभेचा फरक मानणे मला पटत नाही. शोकाला सिद्ध करावे लागत नाही. तक्रारीला करावे लागते. ज्या लेखिकेचे म्हणणे आधीच संशयाने ऐकले जाणार आहे, तिला प्रसंगामागून प्रसंग मांडण्यावाचून गत्यंतर नसते. तिच्या शैलीवर ‘कंटाळवाणी’ असा शेरा मारणारा समीक्षक (वर्गात हे पुस्तक शिकविताना मीही तो मारला आहे) तिला कोणत्या न्यायासनापुढे उभे केले गेले, हे विसरतो.

२०२१ मध्ये ‘जामा सर्जरी’ या नियतकालिकात अमेरिकेतील ६९२ स्त्री शल्यविशारदांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ४२ टक्के स्त्रियांना गर्भनाशाचा अनुभव आला होता. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत आठवड्याला बारा वा अधिक तास शस्त्रक्रिया करणाऱ्या स्त्रियांत गंभीर गुंतागुंतीचा धोका अधिक आढळला. या आकड्यांमागील स्त्रियांपैकी कोणी उद्या आत्मकथन लिहिले, तर ते कलानिधींच्या वळणावर जाईल की कॉन्लींच्या? गर्भनाश हा शोकाचाच विषय; पण तो कामाच्या वेळापत्रकाशी जोडला की लागलीच तक्रार ठरतो. हे दोन्ही एकाच वाक्यात सांगू शकेल असे गद्य माझ्या वाचनात अद्याप आलेले नाही.