‘मी’चे लिंग : ज्योच्या भाषांतराचा एक प्रश्न

लुइझा मे अल्कॉटची ‘लिटल विमेन’ ही कादंबरी (१८६८-६९) शांता शेळके यांच्या ‘चौघीजणी’मुळे मराठी वाचकांस परिचित आहे. तिच्यातील पंधरा वर्षांची ज्यो शीळ घालते, मुलगा नसल्याची खंत करते, वडील युद्धावर असता घराचे कर्तेपण स्वतःकडे घेते. तिच्या इंग्रजीत ‘मी’चे क्रियापद लिंगनिरपेक्ष असते. प्रमाण मराठीत मात्र ‘मी जाते’ म्हणताच मुलीपणाची कबुली होते, ‘मी जातो’ म्हणताच बंड. कोल्हापूरकडे स्त्रियाही सहजपणे ‘जातो’ म्हणतात. तेव्हा हा निर्बंध मराठीचा नसून प्रमाणभाषेचा होय. लाडाने मुलीस ‘आलास का?’ असे विचारणारे घरही तिने ‘आलो’ म्हटल्यास तिला टोकते.

भाषांतरात सर्वत्र ‘जातो’ योजल्यास ज्यो हास्यास्पद ठरेल. सर्वत्र ‘जाते’ ठेवल्यास तिची धग निवेल. तथापि ‘मी जाईन’, ‘मी लिहीन’ ही भविष्यकाळी रूपे मुलामुलींस समान आहेत. ज्योच्या आकांक्षा शक्यतो या रूपांत याव्यात आणि पुल्लिंगी रूप, केस विकून ती २५ डॉलर घरी आणते अशा निर्वाणीच्या प्रसंगांसाठी राखावे, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते.