हेर, अंधार आणि गर्दी : बहिर्जी नाईकांवरील एका गेम-आराखड्याची समीक्षा

प्रस्तावना

मराठी समीक्षेने कादंबरी, नाटक, लोकनाट्य आणि चित्रपट या प्रकारांचा विचार आपापल्या परीने केला आहे. व्हिडिओ गेम या प्रकाराकडे मात्र तिने बहुधा पाठच फिरविली. 'करमणूक' किंवा 'व्यसन' या दोन शब्दांपलीकडे आपली चर्चा सहसा जात नाही. वस्तुतः आज महाविद्यालयात शिकणाऱ्या पिढीच्या मनातील इतिहास, शौर्य आणि शत्रू यांच्या कल्पना घडविण्यात या माध्यमाचा वाटा मोठा आहे. तेव्हा त्याची दखल घेणे हे साहित्याच्या अभ्यासकाचेही काम ठरते.

प्रस्तुत लेखाला निमित्त झाले ते एका हस्तलिखिताचे. पालघर आणि बोईसर यांच्यामध्ये असलेल्या उमरोळी येथील, पदवी वर्गात शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने एका नव्या गेमचा आराखडा वहीत लिहून काढला आणि तो प्रस्तुत लेखकास वाचावयास दिला. 'स्प्लिंटर सेल' या प्रसिद्ध गेम-मालिकेचा तो निस्सीम चाहता आहे. त्या धर्तीचा, परंतु छत्रपती शिवाजी महाराजांचे हेरप्रमुख बहिर्जी नाईक यांना नायक करणारा गेम व्हावा, ही त्याची इच्छा. त्याच्या संमतीने, परंतु नाव न देता, या आराखड्याचा येथे विचार केला आहे. न झालेल्या गेमची समीक्षा कशी करावी, असा प्रश्न विचारला जाईल. परंतु प्रयोगापूर्वी नाटकाची संहिता वाचून तिची चर्चा आपण करतोच. या आराखड्याकडेही संहिता म्हणून पाहता येते.

उद्दिष्टे

१) स्टेल्थ, म्हणजे लपूनछपून खेळावयाच्या गेमच्या संकेतांचा परिचय करून घेणे.
२) प्रस्तुत आराखड्यात हे संकेत आणि मराठी हेरपरंपरा यांचा मेळ कितपत बसतो, ते तपासणे.
३) या विषयास अधिक अनुरूप अशा रचनेची दिशा सुचविणे.

स्टेल्थ गेमचे संकेत

या प्रकाराचा आरंभ १९८१ सालच्या 'कासल वुल्फेन्स्टाइन' आणि १९८७ सालच्या 'मेटल गिअर' या गेमपर्यंत मागे नेता येतो. १९९८ साली आलेल्या 'थीफ' या गेमने उजेड आणि आवाज या दोन गोष्टींना खेळाच्या केंद्रस्थानी आणले. खेळाडू किती उजेडात उभा आहे हे दाखविणारा एक खडा पडद्याच्या तळाशी असे. २००२ साली युबिसॉफ्टच्या 'स्प्लिंटर सेल'ने ही कल्पना आधुनिक हेरगिरीच्या वातावरणात रुजविली. दिवे फोडणे, सावलीत थांबणे, पहारेकऱ्याला मागून धरणे, ही त्याची परिचित कृत्ये होत. या मालिकेतील शेवटचा मोठा गेम २०१३ साली आला आणि पहिल्या गेमच्या पुनर्निर्मितीची घोषणा २०२१ च्या डिसेंबरात झाली. या दीर्घ प्रतीक्षेच्या काळात चाहत्यांनी आपापले आराखडे मनात रचावेत, हे स्वाभाविकच आहे.

याच प्रकारात दुसरी एक वाट आहे. २००० साली सुरू झालेल्या 'हिटमॅन' मालिकेत नायक अंधारापेक्षा वेशांतरावर विसंबतो. आचारी, शिपाई, माळी असे रूप घेऊन तो माणसांच्या डोळ्यांदेखत वावरतो. २०१८ सालच्या 'हिटमॅन २' मध्ये मुंबईतील गजबजलेल्या वस्तीचा एक टप्पाही आहे. स्थूलमानाने असे म्हणता येईल की, एका वाटेवर नायक दिसू नये म्हणून लपतो आणि दुसऱ्या वाटेवर दिसत असूनही ओळखू येत नाही. हा भेद प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने कळीचा आहे.

आराखड्याचे स्वरूप

विद्यार्थ्याने जानेवारी १६६४ मधील सुरतेच्या स्वारीपूर्वीचे काही आठवडे निवडले आहेत. ही निवड मार्मिक आहे. महाराजांची फौज नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या बाजूने जव्हार आणि रामनगरच्या मुलुखातून सुरतेकडे गेली, असे सामान्यतः मानले जाते. जव्हारजवळील शिरपामाळ येथे तेथील राजांनी महाराजांचा सन्मान केल्याची परंपरा आजही सांगितली जाते. म्हणजे हा इतिहास या विद्यार्थ्याच्या स्वतःच्या जिल्ह्यातून गेलेला आहे.

आराखड्यात पाच टप्पे आहेत : जव्हारचे रान, रामनगरची वाट, सुरतेचा तट, इंग्रजांची वखार आणि सुभेदाराचा किल्ला. पडद्याच्या कोपऱ्यात एक मशाल आहे. खेळाडू उजेडात आला की ती भडकते आणि सावलीत गेला की मंदावते. प्रत्येक 'निःशब्द वधा'स गुण आहेत. पाचव्या टप्प्याच्या शेवटी नायक शहराचा नकाशा महाराजांच्या हाती देतो. याखेरीज 'खबरवही' नावाची एक सोय आहे. वाटेत कानावर पडलेले बोलणे तीत नोंदले जाते आणि जुळणाऱ्या दोन नोंदी एकत्र केल्यास अधिक गुण मिळतात. विद्यार्थ्याने या सोयीला केवळ अर्धे पान दिले आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते संपूर्ण आराखड्याचे सत्त्व त्या अर्ध्या पानात आहे.

तटाचा प्रश्न

तिसऱ्या टप्प्याचे वर्णन सर्वाधिक रंगलेले आहे. मध्यरात्री बहिर्जी नाईक दोराच्या साहाय्याने सुरतेचा उंच दगडी तट चढतात, वरच्या पहारेकऱ्यांना एकेक करून गारद करतात आणि शहरात उतरतात. वर्णन चित्रदर्शी आहे, यात शंका नाही. परंतु असा तट तेथे नव्हता. १६६६ च्या आरंभी सुरतेस आलेल्या थेवनो या फ्रेंच प्रवाशाने शहराभोवती मातीचा, मोडकळीस आलेला तट असल्याचे आणि विटांचे बांधकाम तेव्हा कुठे सुरू झाल्याचे नमूद केले आहे. पक्का तट हा महाराजांच्या स्वारीचा परिणाम होय.

ही केवळ तपशिलाची चूक असती, तर तिचा एवढा ऊहापोह करण्याचे कारण नव्हते. प्रश्न असा की, हा तट आला कोठून? तो आला गेमच्या संकेतांतून. नायकाला चढण्यासाठी भिंत हवी, लपण्यासाठी सावली हवी आणि मारण्यासाठी पहारेकरी हवा, म्हणून सुरतेला तट मिळाला. विषय आपला, परंतु त्याला घातलेला साचा परका, अशी ही अवस्था आहे. मराठीतील पुष्कळशा अनुकरणात्मक रहस्यकथांचेही हेच झाले होते.

मारण्याच्या कृतीलाही हेच लागू पडते. स्वारीपूर्वी काही आठवडे शहरात दहा-वीस पहारेकरी मेलेले आढळले असते, तर सुरत सावध झाली असती आणि स्वारीच फसली असती. ज्या हेराच्या मागे प्रेत सापडते त्याची कामगिरी तेथेच संपते. ऐतिहासिक तर्काच्या दृष्टीने या गेममधील प्रत्येक वधास गुण देण्याऐवजी गुण वजा करावे लागतील.

उजेडातील अदृश्यता

बहिर्जी नाईकांविषयी जुन्या साधनांत मिळणारी माहिती त्रोटक आहे. सभासदाच्या बखरीत त्यांचा उल्लेख बहिर्जी जाधव असा, जासुदांचे नाईक म्हणून येतो. सुरत मारल्यास अगणित द्रव्य मिळेल, ही खबर त्यांनी आणल्याचे ती बखर सांगते. १६७९ मध्ये जालन्याच्या स्वारीहून परतताना मोगल फौजांनी वाट अडविली असता, त्यांनीच महाराजांना आडवाटेने पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेले. दोन्ही प्रसंगी त्यांचे शस्त्र एकच आहे, ते म्हणजे माहिती.

लोकमानसाने त्यांच्याभोवती ज्या कथा रचल्या त्याही पाहण्यासारख्या आहेत. त्यांत ते फकीर होतात, वासुदेव होतात, गोंधळी होतात, भिकारी होतात. ही सारी मंडळी दारोदार फिरणारी, सर्वांना दिसणारी आणि म्हणूनच कोणाच्याही लक्षात न राहणारी. थेवनोने तर खुद्द शिवाजी महाराजच फकिराच्या वेशात सुरत पाहून गेल्याची ऐकीव हकिकत दिली आहे. ती खरी मानण्याची गरज नाही. परंतु त्या काळच्या लोकांच्या मनातील हेर कसा होता, हे तीवरून कळते. तो अंधारातील नव्हे, बाजारातील मनुष्य होता. एवढेच नव्हे, तर सुरतेकडे येणारी फौज ही बादशाही कामगिरीवर निघालेल्या एका सरदाराची असल्याची बतावणी वाटेत करण्यात आली होती. म्हणजे हजारो स्वारांची फौजच दिवसाढवळ्या वेशांतर करून चालली होती!

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही हेच चित्र आहे. त्यातील हेरांच्या प्रकारांत कपटी विद्यार्थी, संन्यासी, शेतकरी, व्यापारी, तापस, भिक्षुकी असे नाना वेश आहेत. शस्त्र चालविणारा 'तीक्ष्ण' आणि विष देणारा 'रसद' हे त्यांपैकी केवळ दोन. आराखड्याच्या कर्त्याने नऊ प्रकारांतून नेमका एक 'तीक्ष्ण' उचलला आणि बाकीचे सोडून दिले, असे म्हणावे लागते.

वास्तविक उमरोळीच्या विद्यार्थ्याला हे शिकवावयास नको. सकाळी डहाणूहून येणाऱ्या गाडीत तो रोज चढतो. त्या डब्यात भरपूर उजेड असतो, शेकडो डोळे असतात आणि कोणीही कोणाकडे पाहत नसते. कोणाची पाळी कोणत्या कारखान्यात आहे, कोणाच्या घरी लग्न आहे, कोणाचा पगार थकला आहे, हे सारे चार स्थानकांच्या अंतरात कानावर पडते. गर्दी हीच सावली असते, हा अनुभव त्याच्या गाठीशी आहे. तो त्याने आराखड्यात आणला नाही, एवढेच.

खबरवहीचे महत्त्व

खबर आणि अफवा यांतील भेद ओळखणे हे हेराचे खरे कसब होय. परस्परांना न ओळखणाऱ्या तीन हेरांचे सांगणे एक आले तरच ते विश्वसनीय मानावे, असे कौटिल्याचे मत आहे. हा नियम जणू गेमसाठीच केलेला वाटतो. समजा, घाटावरचा हमाल एका सावकाराच्या तळघराविषयी काही सांगतो, सराफाचा कारकून वेगळेच सांगतो आणि भिकारीण तिसरेच. खेळाडूने कोणाचे खरे मानावयाचे? चुकीची खबर महाराजांपर्यंत गेली, तर तिची किंमत शेवटच्या टप्प्यात मोजावी लागेल. यात एकही वध नाही, तरीही ताण कमी नाही. सीमेवरील तपासनीसाने कागदपत्रे तपासणे एवढ्याच सामग्रीवर ल्युकस पोप यांनी २०१३ साली 'पेपर्स, प्लीज' हा गेम बव्हंशी एकट्याने घडविला आणि तो जगभर वाखाणला गेला, हे येथे लक्षात घ्यावे. अशा रचनेस मोठे भांडवल लागत नाही. ग्रामीण भागातील चाहत्याच्या दृष्टीने ही जमेची बाजू आहे.

शत्रूचे चित्रण

या आराखड्यातील सर्वांत गंभीर उणीव नैतिक स्वरूपाची आहे. त्यातील सुरतेत माणसे नाहीत, केवळ पहारेकरी आहेत. त्यांना चेहरा नाही, भाषा नाही, घर नाही. कंबरेच्या पट्ट्याचा रंग हीच त्यांची ओळख. अशा शहरात खेळाडू तासन्तास वावरला तरी त्याला त्या शहराविषयी काहीही कळणार नाही. कळेल ते एवढेच की, समोरची माणसे मारण्यासाठी आहेत.

इतिहास याहून समृद्ध आहे. वीरजी व्होरा यांच्यासारख्या धनाढ्य सावकारांची घरे या स्वारीत लुटली गेली. मात्र कॅपुचिन पाद्री फादर अँब्रोझ यांच्या निवासास उपद्रव झाला नाही. तसेच डचांच्या एका दिवंगत दलालाचे घर, तो हयातीत दानशूर होता अशी माहिती मिळाल्यामुळे वगळण्यात आले, असे बर्नियर या फ्रेंच प्रवाशाने लिहिले आहे. कोणाच्या तिजोरीत किती आहे एवढेच नव्हे, तर कोणाचा हात देता होता, हेही फौजेला कळले होते. ही खबर कोणी आणली, ते नोंदलेले नाही. परंतु ती तट चढून वा गळा कापून मिळालेली नसणार. ती दारात बसून, लोकांचे ऐकूनच मिळते. हेराला शत्रूचे शहर त्या शहरातील माणसांइतकेच जवळून जाणावे लागते. ज्याला जाणले त्याचा सरसकट द्वेष करणे अवघड होते. स्टेल्थ गेमकडून मराठी तरुणाला खरोखर काही मिळावयाचे असेल, तर ते हे आहे.

भाषेचा प्रश्न

आराखड्यातील सर्व पात्रे एकाच प्रमाण मराठीत बोलतात. जव्हारच्या रानातील वारली आणि सुरतेचा सुभेदार यांच्या बोलण्यात काहीच फरक नाही. या पट्ट्यात आजही वारली, मांगेली, वाडवळी या बोली आणि गुजराती शेजारी-शेजारी नांदतात. सुरतेच्या बाजारात तर गुजराती आणि फारसीबरोबर अनेक परदेशी भाषा ऐकू येत. हेराचा वेश कितीही हुबेहूब असो, एक शब्द चुकला की तो उघडा पडतो. म्हणून मशालीऐवजी बोली हाच या गेमचा मापक असावा, असे सुचवावेसे वाटते. कोणाशी कोणत्या भाषेत, कोणत्या संबोधनाने बोलावे याची निवड चुकली की संशय वाढेल. त्यायोगे या जिल्ह्याच्या बोलींना एका नव्या माध्यमात स्थानही मिळेल.

निष्कर्ष

१) प्रस्तुत आराखड्याने निवडलेला विषय, काळ आणि प्रदेश उचित आहे. तथापि त्याची रचना अंधार आणि वध या आयात संकेतांवर उभी आहे.
२) बखर, अर्थशास्त्र आणि लोककथा यांतून दिसणारा हेर गर्दीत मिसळणारा, ऐकणारा आणि पडताळणी करणारा आहे. त्यामुळे वेशांतराची वाट या विषयास अधिक अनुरूप ठरते.
३) खबरवही आणि बोली यांना मध्यवर्ती स्थान दिल्यास हा गेम अल्प साधनांतही सिद्ध होऊ शकेल.
४) शत्रूपक्षाला माणूसपण देणे ही केवळ सौजन्याची बाब नसून हेरकथेची अंतर्गत गरज आहे.

ही वही परत करताना विद्यार्थ्याला एकच सूचना केली : सुरतेचा तट खोडावा आणि त्या जागी बाजार काढावा. पुढील मसुद्यात तो बाजार येईल, अशी अपेक्षा आहे.